सरहद्दीपलीकडील समन्स : मासवण-जव्हार परिसराच्या संदर्भात

परदेशस्थ प्रतिवादीवर समन्सची बजावणी कशी करावी, या प्रश्नाचा विचार सामान्यतः दूरदेशींच्या संदर्भात होतो. पालघर परिसराच्या इतिहासात मात्र हा 'परदेश' अगदी शेजारी होता. सूर्या नदीकाठचे मासवण ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, तर जिच्या खोऱ्यातून ही नदी उतरते तो पूर्वेकडील डोंगराळ मुलूख मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात. दोन्हीकडे वारली, कोकणा, कोळी समाजांची वस्ती. सोयरीक आणि देवघेव सरहद्द ओलांडून चाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र जव्हारचे न्यायालय 'विदेशी' होते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अशा प्रतिवादीसाठी दोन मार्ग सांगितले. आदेश ५, नियम २५ नुसार ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर राहणाऱ्या व येथे मुखत्यार नसलेल्या प्रतिवादीस समन्स टपालाने पाठविता येई. नियम २६ नुसार, तसा अधिकार असलेला पोलिटिकल एजंट त्या मुलखात असल्यास त्याच्याकडे समन्स पाठवावयाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी जव्हारसाठी पोलिटिकल एजंट कोण, तर ठाण्याचा कलेक्टरच! म्हणजे या मार्गाने जाणारा कागद 'परदेशी' पोहोचण्यासाठी ठाण्यातीलच एका कचेरीकडे जावयाचा. येथील परकेपण भूगोलाचे नव्हते, अधिकारक्षेत्राचे होते.

या व्यवस्थेतील खरा प्रश्न पुराव्याचा आहे. समन्स बजावल्याचा एजंटाचा शेरा हाच बजावणीचा पुरावा मानला जाई. प्रतिवादीला मजकूर समजला काय, याची चौकशी त्या शेऱ्यात अभिप्रेत नव्हती. निरक्षर ऋणकोच्या बाबतीत हा फरक लहान नाही; तो गैरहजर राहिला की दाव्याचा एकतर्फी निकाल होण्याचा मार्ग मोकळा होई. अर्थात बजावणी म्हणजे अधिकारक्षेत्र नव्हे. फरीदकोट संस्थानाच्या न्यायालयाने राज्याबाहेर राहणाऱ्या माजी खजिनदाराविरुद्ध दिलेले एकतर्फी हुकूमनामे प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये निरर्थक ठरविले, ते याच भूमिकेतून. संहितेच्या कलम १३ नेही नैसर्गिक न्यायाविरुद्धच्या विदेशी निवाड्यास निर्णायक मानण्याचे नाकारले. परंतु हे बचाव मांडण्यास वकील लागतो, आणि वकिलास पैसा.

१९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले व ही सरहद्द संपली. आता १९६५ च्या हेग कराराची व्यवस्था आहे. भारतापुरता तो १ ऑगस्ट २००७ पासून अंमलात आला. परदेशी न्यायालयाचे समन्स थेट टपालाने पाठविण्यास भारताने हरकत नोंदविली असून, ते केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत यावे लागते. तारापूर-बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यातील कंपनीला असा कागद मिळाला तर तो वाचणारे तिच्या पदरी असतात. मासवणच्या एखाद्या रहिवाशाची गोष्ट वेगळी, कारण भारताच्या घोषणेनुसार विनंतीचे कागद इंग्रजीत असावेत किंवा त्यांसोबत इंग्रजी भाषांतर असावे. मराठी भाषांतराची अट त्यात नाही.