यंत्राची जडसंग्रह-वही

शाळेंत नवा मुख्याध्यापक आला म्हणजे कारभार हातीं घेतांना पहिली मागणी करतो ती जडसंग्रहाच्या वहीची. बांकें किती, नकाशे कोणत्या कपाटांत, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हें सारें त्या वहींत असतें. शिकवावें कसें, हें मात्र वहींत नसतें. ती विद्या येणाऱ्यानें बरोबर आणावयाची असते. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानें संगणकाच्या क्षेत्रांत केवढा घोंटाळा माजला आणि तो कसा निस्तरला, तें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

संगणकाचा कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा गाभा तो कर्नल. पडदा, कळफलक, घड्याळ अशा एकेका साधनाशीं बोलण्याची विद्या जाणणारे त्याचे सेवक असतात, त्यांना ड्रायव्हर असें नांव आहे. आतां सेवक कितीही निष्णात असला, तरी आपलें साधन या यंत्रांत आहे कीं नाहीं, असल्यास कोणत्या पत्त्यावर आहे, आणि त्याची हांक कोणत्या तारेवरून येणार, हें त्याला कोणीतरी सांगावें लागतें. सांगावें कोणीं?

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा पी. सी. निघाला, तेव्हां हें काम माणसाचेंच होतें. त्या यंत्रांत साधनांनीं हांक मारण्यासाठीं अवघ्या ८ रेषा होत्या. नवें कार्ड बसवितांना त्यावरील जंपर नांवाची चिमुकली टोपी हातानें हलवून रेषा ठरवावयाची, आणि तोच आंकडा पुन्हां आज्ञावलीस कळवावयाचा. दोन कार्डांस चुकून एकच रेषा दिली, कीं दोहोंची झोंबी लागलीच म्हणून समजावें. १९९२ सालीं पी. सी. आय. ही रचना आली व हा त्रास पुष्कळ कमी झाला. या रचनेंतील प्रत्येक कार्ड आपल्या कारखानदाराचा क्रमांक व स्वतःचा क्रमांक पोटांत बाळगतें. कर्नलनें विचारावें आणि कार्डानें सांगावें. इंटेल कंपनीनें आपल्यासाठीं क्रमांक घेतला ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध चिपचाच. व्यापाऱ्यांनाही कुलाभिमान असतो तो असा!

परंतु सर्वच साधनें अशीं बोलकीं नसतात. एकाच चिपच्या पोटांत बसविलेलें घड्याळ विचारल्यास आपलें नांव सांगत नाहीं, आणि भलत्याच पत्त्यावर हांक मारली तर सगळें यंत्र थिजण्याचा संभव. अशा मुक्या साधनांसाठीं वही हवी. ती अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या यंत्रांत प्रथम नीट तयार झाली. तेथील मिच ब्रॅडली यांनीं फोर्थ भाषेंत रचलेली ओपनबूट ही व्यवस्था १९८९ च्या स्पार्कस्टेशन यंत्रांत होती. पुढें १९९४ सालीं ‘ओपन फर्मवेअर’ या नांवानें तिचें प्रमाणित मानक झालें. यंत्र सुरू होतांच ही व्यवस्था साधनांची यादी कर्नलच्या हातीं देई. यादीस ‘डिव्हाइस ट्री’ म्हणजे साधनवृक्ष म्हणत, कारण ती आपल्या कुलवृत्तांतासारखी वंशक्रमानें मांडलेली असे. प्रत्येक साधन आपल्या जनकाखालीं, आणि त्याचा पत्ताही जनकाच्या घरापासून मोजलेला. लेकीची नोंद माहेरच्या पानावर असून सासरच्या पानाचा निर्देश करावा, तसा एका शाखेंतील साधनाची हांक दुसऱ्या शाखेंतील कोणत्या साधनाकडे जाते, याचाही निर्देश तेथें असतो. मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती आणखी एक नोंद. साधन आधीं आपलें खास नांव सांगतें, आणि मग ज्या जुन्या साधनासारखें आपण वागतों त्याचें. खास नांव ओळखणारा सेवक नसेल, तर जुन्याचा सेवक काम चालवून नेतो.

लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्समध्यें पॉवरपीसी यंत्रांसाठीं २००५ च्या सुमारास हीच वही सक्तीची झाली. ओपन फर्मवेअर नसलेल्या यंत्रांचें काय करावें, हा प्रश्न होता. बेंजामिन हेरेनश्मिट प्रभृतींनीं वृक्षाची सपाट केलेली, एका फायलींत मावणारी आवृत्ति काढून तो सोडविला. वर्णन साध्या मजकुरांत लिहावें, त्याचें यंत्राला वाचतां येईल असें रूप करावें, आणि आरंभक आज्ञावलीनें तें कर्नलच्या स्वाधीन करावें.

मोबाईलांत असणाऱ्या आर्म जातीच्या चिपांच्या दालनांत मात्र निराळीच तऱ्हा होती. तेथें वही नव्हतीच. प्रत्येक पाटीची जोडणी कर्नलच्या पोटांतच, सी भाषेंत, निराळ्या फायलींत लिहीत. पाटीला एक क्रमांक द्यावयाचा, आणि आरंभकानें तेवढा क्रमांक कर्नलच्या कानांत सांगावयाचा. क्रमांक हजारोंच्या घरांत गेले. तेंच घड्याळ दोन कारखान्यांच्या पाट्यांवर असलें, तर दोन ठिकाणीं दोन लेखन! एका कुळीसाठीं बनविलेला कर्नल दुसऱ्या कुळीच्या यंत्रावर चालत नसे. मार्च २०११ मध्यें टोर्वाल्ड्स यांचा संयम सुटला. त्यांनीं सहकाऱ्यांस लिहिलेलें पत्र आकाशवाणीवरून वाचून दाखविण्याजोगें नाहीं. एवढेंच सांगतों, कीं त्याचा परिणाम झाला. ग्रँट लाइकली आदि मंडळी साधनवृक्ष सर्वत्र नेण्याच्या खटपटींत आधींपासून होतीच. आतां पाट्यांच्या फायली एकामागून एक वहींत उतरूं लागल्या, आणि डिसेंबर २०१२ च्या ३·७ या आवृत्तींत आर्मच्या अनेक कुळींवर एकच कर्नल चालण्याची सोय झाली.

याहून कठीण प्रश्न पुढचाच. वही एकदां यंत्रांत जाऊन बसली, कीं नव्या कर्नललाही तीच वाचावी लागते. म्हणून नोंदीचा अर्थ मागाहून बदलूं नये, असा दंडक आहे. पण घाईनें केलेली चुकीची नोंदही त्यामुळें चिरंजीव होते. यावर अजून वाद होतात.

माझ्या मेजाच्या खणांत एक मोबाईल पडून आहे. पडदा शाबूत, आवाज स्वच्छ. पण कारखानदारानें त्याची वही कर्नलच्या सार्वजनिक भांडारांत कधीं दिलीच नाहीं, म्हणून नवा कर्नल त्याला ओळखत नाहीं. उलट २०१२ सालीं निघालेल्या रास्पबेरी पाय या लहानशा पाटीचें वर्णन त्या भांडारांत आहे, आणि आजचा कर्नलही तें वाचून त्या पाटीवर सुरू होतो.