घाटावरचे आप्त

महाजन कुटुंबांच्या स्थलांतरावर चार पाने लिहून द्यावीत, असे स्मरणिका-समितीने कळविले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी इतिहासकार नव्हे. लिसेवात शिकलो, कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. परंतु कारकुनाला तारखांची आणि नोंदींची सवय असते, आणि माझ्या आजोबांची एक वही माझ्यापाशी आहे. त्या वहीच्या आधारे जे सांगता येईल तेवढेच येथे सांगतो.

आपली दैवते स्थलांतरित झाली तो काळ वाचकांस ठाऊकच आहे. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. देव नदी ओलांडून अंत्रुज महालात थांबले. त्यांच्या कुळाव्यांतील सगळेच काही तेथे थांबले नाहीत. कोणी गलबतात बसून कारवार, कुमठे, मंगळूर, थेट कोचीपर्यंत गेले. कोणी घाट चढून शहापूर, बेळगाव, खानापूरकडे गेले. पुढे मराठेशाहीच्या चाकरीनिमित्त कित्येक साताऱ्यास आणि उत्तरेत शिंद्यांच्या पदरी पोहोचले. दूर गेलेले देवाला विसरले नाहीत, याला पुरावे आहेत. पेशव्यांकडून मंगेशी गाव १७३९ साली देवस्थानास इनाम मिळाला तो त्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शिफारशीने. कवळ्याच्या देवळाच्या उभारणीत सातारा दरबारचे नारोराम मंत्री यांचा हात होता. हे सारे आपल्या स्मरणिकांतून अनेकदा छापून आले आहे व पुढेही येईल.

जे छापून येत नाही ते असे की, सरदार आणि मंत्री यांच्याखेरीज जी शेकडो सामान्य कुटुंबे पांगली, त्यांनी एकमेकांची ओळख चारशे वर्षे राखली कशी? त्यांना इनामे मिळाली नाहीत, सनदा मिळाल्या नाहीत. माझे उत्तर अगदी घरगुती आहे. म्हातारी माणसे नातवंडांना हाताशी धरून त्या घरी घेऊन जात, ‘हा अमक्याचा मुलगा’ म्हणून पुढे उभा करीत, आणि येताना तिकडच्या मुलांची नावे पाठ करून येत.

रेल्वे येण्यापूर्वी हे सोपे नव्हते. वर जाण्यास रामघाट, चोर्ला, तिनईघाट अशा वाटा. त्यांवरून लमाणांचे बैल मीठ घेऊन चढत व धान्य घेऊन उतरत. त्या तांड्यांच्या सोबतीने माणसे जात. ऐपत असलेल्यांस मचील. पावसाळ्याचे चार महिने वाट बंदच. माझ्या आजोबांच्या आजोबांनी आयुष्यात दोनदाच घाट चढला, असे घरात सांगत.

त्यानंतर आगगाडी आली. ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ च्या डिसेंबरात तह झाला आणि त्याच्या पोटी मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत मीटरगेज लोहमार्ग बांधण्याचे ठरले. कंपनीचे नाव लांबलचक: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. १८८८ पासून मुरगावची गाडी कॅसलरॉकमार्गे पलीकडच्या सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. तहात व्यापाराच्या गोष्टी होत्या; मिठाच्या, जकातीच्या. आप्तांच्या भेटीगाठी कोणाच्याही मनात नव्हत्या. परंतु गोव्यातील म्हाताऱ्या बायकांनी त्या मार्गाचा जो उपयोग केला, तो कोणत्याही कंपनीच्या हिशेबात धरलेला नसणार.

आता वहीविषयी. ३० मार्च १९३३ च्या दिप्लोमा लेजिस्लातिव्ह क्रमांक ६४५ ने देवस्थानांचे नियम ठरवून दिले, हे महाजनांना मी सांगावयास नको. महाजनांचा काताल्ग हा कायद्याचा भाग झाला. आजोबांना कागदपत्रांचा नाद होता. घाटावरच्या घरात मूल जन्मले की त्याचे नाव, तिथी आणि पोर्तुगीज पद्धतीची तारीख ते स्वतःच्या वहीत उतरवून घेत, म्हणजे पुढेमागे नाव दाखल करण्याची वेळ आली तर अडचण पडू नये. मुलींची नावे काताल्गसाठी लागत नसत. तरीही ती वहीत आहेत. आजीने आग्रह धरला होता म्हणे. ‘चेडवां जल्मलीं न्हय?’ असे ती विचारी, आणि त्याला आजोबांपाशी उत्तर नव्हते.

आमचे घर मडगावास. आजोबांचे चुलतभाऊ शहापुरास स्थायिक. माझी आजी आणि शहापूरची आजी या सख्ख्या बहिणी, एकाच कुळात दोन चुलतभावांना दिलेल्या. म्हणजे बहिणीही आणि जावाही. एकीचा संसार घाटाखाली, दुसरीचा घाटावर. दर एक-दोन वर्षांनी मे महिन्यात भेट ठरलेली.

१९५३ च्या मे महिन्यात त्यांनी मला बरोबर नेले. मी आठ वर्षांचा होतो. मडगाव स्टेशनवर सकाळी गाडीत चढलो तेव्हा सामान असे होते: एक पेटी, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, नारळांचे पोते, आणि आजीच्या मांडीवरून खाली न उतरलेली एक करंडी. तिच्यात आमसुले, फणसाची साठे आणि भाताच्या गवतात गुंडाळलेले मानकुराद आंबे. चांदर, सावर्डे, काले अशी स्टेशने मागे पडली आणि कुळे आले. तेथे आल्फांद. पोर्तुगीज शिपाई डब्यात चढले, पेटी उघडून पाहिली आणि उतरले. गाडीला मागून दुसरे इंजिन लागले. चाळीस फुटांना सुमारे एक फूट असा तो चढ. गाडी इतकी सावकाश चढे की रुळांकडेच्या करवंदीच्या जाळ्या मोजता याव्यात. दूधसागर पाहावयास मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. मे महिना, कड्यावरून पाण्याची दोन दोऱ्यांएवढी धार उतरत होती. मी रडवेला झालो. आजोबा म्हणाले, ‘येताना पाहशील.’

कॅसलरॉकला भारताचे कस्टम. येथे मात्र करंडी उघडावी लागली. आजीच्या हातातील पाटल्या किती तोळ्यांच्या, हे आजोबांनी कागदावर लिहून दिले. अंमलदार मराठी बोलणारा होता. त्याने मला विचारले, ‘कुठे निघालास?’ मी म्हणालो, ‘आजीकडे.’ त्याने शेजारी बसलेल्या आजीकडे पाहिले. ‘मग ह्या कोण?’ ‘हीसुद्धा आजीच.’ तो हसला आणि त्याने करंडीचे झाकण लावून दिले. माझ्या उत्तराने जकात वाचली असे आजी पुढे अनेक वर्षे सांगत असे. आंब्यांवर जकात होती की नाही हे मी कधी शोधून पाहिले नाही.

लोंढ्याला गाडी बदलून रात्री बेळगाव. तेथून टांग्याने शहापूर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत शहापूर हे सांगली संस्थानचे गाव होते. सकाळी जाग आली ती हातमागांच्या खटखटाटाने. मला वाटले, आगगाडी अजून चालूच आहे. शहापूरच्या आजीने मला उजेडात नेऊन माझे तोंड पाहिले आणि ‘कपाळ आमच्या बाबांचे’ एवढे म्हणून आत गेली. दोघी बहिणी महिनाभर स्वयंपाकघरातून फारशा बाहेर आल्याच नाहीत. आजोबांनी वही काढून त्या खेपेस तीन नावे लिहिली. मी तेथे चुलत भावंडांबरोबर कुंदा खाल्ला, विटीदांडू खेळलो आणि चार कानडी शब्द शिकलो. त्यांतले दोन आजीने विसरावयास लावले.

मृगाच्या तोंडावर आम्ही परतलो. घाटात पाऊस लागला होता, आणि दूधसागर आजोबांनी सांगितला तसा दिसला. गाडीच्या खिडकीतून तुषार आत आले. निरोपाच्या वेळी दोघी बहिणी रडल्या नव्हत्या, कारण पुढच्या वर्षी भेट ठरलीच होती.

ती भेट झाली नाही. १९५४ पासून परवान्यांची भानगड सुरू झाली. आज अर्ज द्या, उद्या या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मेली, आणि त्याच महिन्यात भारत सरकारने गोव्याची रेल्वे तोडली. तो निर्णय योग्य होता की नाही याची चर्चा मी येथे करीत नाही. सालाझारच्या राजवटीने दुसरा मार्ग ठेवला नव्हता, असे माझे मत आहे. पण नाकेबंदीचा इतिहास लिहिणारे बाजारभावांचे बोलतात: घाटावरचा कांदा, बटाटा, भाजी बंद झाली, हॉलंडचे बटाटे आले, दाबोळीहून कराचीला विमाने सुटू लागली. आमच्या घरी तो इतिहास निराळा होता. पत्र आले तर दीड महिन्याने, तेही कोणी तरी फोडून पुन्हा चिकटवलेले. आजी ते माझ्याकडून वाचून घेई, आणि वाचून झाले की विचारी, ‘आणि कितें बरयलां?’ जणू मीच काही गाळले होते.

१९५८ च्या पावसाळ्यात शहापूरची आजी वारली. बातमी आम्हाला तेविसाव्या दिवशी कळली. शास्त्राप्रमाणे दहा दिवस उलटून गेल्यावर कळले तर सूतक तीन दिवसांचे. भटजींनी तसेच सांगितले. चौथ्या दिवशी आजी न्हाली, तुळशीला पाणी घातले आणि विळी घेऊन खोबरे खवणायला बसली. बहिणीचे सूतक तीन दिवसांत संपते, हे तिला पटलेले नव्हते. पण ती बोलली नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली गाड्या पुन्हा चालू झाल्या. आजोबा तेव्हा पंचाहत्तरीचे. तरीही त्यांनी वही शोधून काढली. आजीला त्यांनी दोनदा विचारले. ती म्हणाली, ‘कोणागेर वचूं?’ आणि करंडी भरून दिली. ती करंडी मी मांडीवर घेऊन बसलो. कुळ्याला कोणी पेटी उघडली नाही, कॅसलरॉकलाही नाही. आम्ही गेलो होतो ते मुंबई राज्यात. आता तेच घर म्हैसूर राज्यात होते. घर आपल्या जागेवरच होते.

दारात पाच-सहा मुले उभी होती. आजोबा त्यांच्याकडे पाहत राहिले. ही कोणाची कोण, हे त्यांना सांगता येईना. १९५३ नंतर जन्मलेले एकही मूल त्यांनी पाहिले नव्हते, आणि जी तेव्हा पाहिली होती ती ओळखू येत नव्हती. सर्वांत धाकटीने ‘हे कोण?’ असे आपल्या आईस कानडीत विचारले. आईने तिला मराठीत सांगितले. परंतु सांगताना तीही क्षणभर अडखळली, कारण आमचे नाते नेमके कोणत्या शब्दाने सांगावे, हे सांगणारी बाई चार वर्षांपूर्वी गेली होती.

रात्री जेवण झाल्यावर आजोबांनी वही उघडली. त्यांचा हात थरथरत होता म्हणून लेखणी माझ्याकडे दिली. घरातील मंडळी आठवून सांगत होती: हा गौरीच्या दिवसांत झाला, ही थंडीत, हा त्या पुराच्या वर्षी. तिथ्या कोणालाच पक्क्या ठाऊक नव्हत्या. मी सात नावे लिहिली. वहीच्या त्या पानावर आजोबांच्या वळणदार मोडीत १९५३ ची नोंद आहे, आणि तिच्या लगेच खाली माझ्या लिसेवातल्या अक्षरातली ही सात बालबोध नावे. चौघांच्या जन्मतिथीची जागा कोरी आहे. त्यांतील तिघांची नावे पुढे काताल्गात दाखल झाली, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरच्या तारखा घालाव्या लागल्या. चौथी मुलगी. तिचे नाव तिच्या आजीचे ठेवलेले आहे.