भुलाबाई : खेळणाऱ्या लेकींचं मत

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत अमरावती-अकोल्याकडच्या अंगणांत महिनाभर पोरींचं राज्य असायचं. भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडायची, टिपऱ्यांच्या तालावर घरोघरी गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. म्हणून अभ्यासक हिला बहुधा लोकदैवतांत बसवतात. माझ्या मते भुलाबाई हा आधी संसाराचा खेळ आहे, आणि तिची गाणी म्हणजे त्या संसाराबद्दल खेळणाऱ्यांनीच दिलेलं मत. विल राइट यांचा ‘द सिम्स’ हा घर-संसाराचा संगणकी खेळ २००० साली आला, तेव्हा खेळणारे पोहण्याच्या तलावाची शिडी काढून पात्रांना बुडवू लागले. नियमांच्या पुस्तकात न लिहिलेलं असं काहीतरी संसाराच्या प्रत्येक खेळात खेळणारा स्वतःच्या मनातून घालतो. वऱ्हाडातल्या पोरींनी ते गाण्यांतून घातलं, आणि त्यांचा खेळ लुटुपुटूचा राहणार नव्हता. लग्नं लहानपणी होत. आज जिला गाण्यात सासू छळते, ती पोर वर्ष-दोन वर्षांत खरोखरच सासूच्या दारात उभी राहायची.

गाण्यांत काय आहे ते बारकाईने पाहावं. एका प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, तर कारली येऊ दे. कारली आली, तर भाजी कर. भाजी झाली, तर आणखी कुणाला तरी विचार. कुणी थेट नकार देत नाही, फक्त पुढच्या माणसाकडे बोट दाखवतं. सुनेचं आयुष्य परवानग्यांच्या कोणत्या उतरंडीखाली दबलेलं होतं, याचं इतकं नेमकं वर्णन मला त्या काळच्या सरकारी दप्तरांत मिळण्याची आशा नाही. दुसऱ्या एका गाण्यात रुसून माहेरी आलेल्या लेकीला न्यायला सासरचं एकेक माणूस दागिना घेऊन येतं. ती दागिना नाकारते, दारं लावून घ्यायला आणि कुत्रा सोडायला सांगते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुरुषांना जाब विचारणारं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापलं. त्या पुस्तकामागचा संताप एकट्या बाईचा नव्हता, हे समजायला याच वऱ्हाडातली अंगणं ऐकावी लागतात.

यावर आक्षेप येतो की गाणी परंपरेने आलेली, ठरलेली. पाठांतराला मत कसं म्हणायचं? पण पोरींच्या हाती पुस्तक नव्हतं. जे गाणं कुणाला म्हणावंसं वाटलं नाही, ते एका पिढीत मेलं असणार. जगलेलं प्रत्येक गाणं शेकडो तोंडांनी पुन्हा पुन्हा निवडलेलं आहे. शिवाय लग्न होऊन लेक गाव बदलायची, तेव्हा गाणीही तिच्यासोबत जायची; म्हणून एकाच गाण्याची कडवी गावागणिक बदललेली सापडतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही गाणी बंडाची नाहीत, पोरींना सोसायला तयार करणारी आहेत, असं म्हणतात. पुरावाही आहे: त्या रुसव्याच्या गाण्यात शेवटी नवरा मंगळसूत्र घेऊन येतो, दारं उघडतात, कुत्रा बांधला जातो, लेक निघते. हे मी नाकारत नाही. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि गाण्यानं खोटी वाट दाखवली नाही. पण किती कडव्यांत नकार आहे आणि किती कडव्यांत होकार, हे मोजा. होकाराला एक कडवं पुरतं; बाकी सगळं गाणं नकारानं भरलंय, आणि ते नकार देवीच्या नावानं, सगळ्या आळीच्या देखत, मोठ्याने म्हटले जायचे. आई, आजी, शेजारची सासू ऐकत बसायची आणि कुणाला रागवायची सोय नव्हती. देवीनं दिलेलं खरं संरक्षण ते होतं.

खिरापतीकडेही याच नजरेनं पाहावं. झाकलेला डबा हलवायचा, आवाजावरून गोड की खारं, कोरडं की ओलं ते ओळखायचं, आणि ओळखल्याशिवाय वाटणी नाही. घरात पानावर पडेल ते मुकाट्यानं खाणाऱ्या पोरीला इथे डब्याचं झाकण उघडायला लावता यायचं. आज भुलाबाई पुष्कळदा शाळेच्या किंवा महिला मंडळाच्या मंचावर स्पर्धा म्हणून होते. ती टिकते आहे, याचा आनंद आहे. पण तिथे गाणी आयोजक निवडतात, पोशाखाला गुण असतात, आणि नव्या पोरींनी आपल्या संसाराबद्दल नवं कडवं जोडायला जागाच ठेवलेली नसते. ती जागा आयोजकांनी द्यावी.