गॉटहार्डची वाट : ट्रक, रेल्वे आणि एका खोऱ्याने मागितलेला नियम

१० ऑगस्ट २०२३. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डच्या नव्या रेल्वे-बोगद्यात, ५७ किलोमीटर लांबीच्या जगातील सर्वांत लांब रेल्वे-बोगद्यात, एक मालगाडी रुळांवरून घसरली. २७ ऑगस्टला फ्रान्सच्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळून तोरिनोकडे जाणारा लोहमार्ग बंद पडला. १० सप्टेंबरला गॉटहार्डच्याच रस्त्याच्या बोगद्यात छताचे काँक्रीट सुटून खाली आले आणि तोही पाच दिवस बंद राहिला. मों ब्लां पर्वताखालचा बोगदा त्याच सुमारास दुरुस्तीसाठी बंद व्हायचा होता. फ्रान्स आणि इटलीने तो बेत घाईघाईने पुढे ढकलला.

महिनाभरात उत्तर युरोप आणि इटली यांच्यामधल्या वाटा अशा एकामागून एक आवळत गेल्या.

मित्रहो, आल्प्सच्या भिंतीला भोके मोजकीच आहेत. त्यांतून कोणता माल जावा, किती वजनाचा, कोणत्या वेळी आणि मुख्य म्हणजे कशावरून जावा, यावर गेली चार दशके भांडण चालू आहे. त्याची ही हकिकत.

गॉटहार्डखालून आगगाडी धावू लागली ती १८८२ साली. १५ किलोमीटरचा तो बोगदा खोदताना जवळपास २०० कामगार मृत्यू पावले. त्यांतले बहुसंख्य इटालियन होते. कंत्राटदार लुई फाव्र हेही १८७९ मध्ये बोगद्याच्या पाहणीवर असतानाच कोसळून वारले. बोगद्याच्या तोंडापर्यंत चढण्यासाठी हा मार्ग डोंगराच्या पोटात वेटोळे घेतो, त्यामुळे वासेन गावचे छोटे चर्च प्रवाशाला तीन वेळा, तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसते. हे चर्च लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

शंभर वर्षांनी, ५ सप्टेंबर १९८० रोजी, शेजारीच सुमारे १७ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा खुला झाला. उद्घाटनाच्या दिवशी मंत्री हान्स ह्युर्लिमान यांनी बजावले होते की हा अवजड वाहतुकीचा मार्ग नव्हे. ट्रकवाल्यांनी ते मनावर घेतले नाही. १९८०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडणारे ट्रक वर्षाला सुमारे ३ लाख होते. २००० साली तो आकडा १४ लाखांवर पोहोचला.

त्या वाढीचा बोजा पडला तो उरी या लहानशा परगण्यावर. (काश्मीरमधले उरी नव्हे.) रॉइस नदीचे हे खोरे इतके अरुंद आहे की नदी, लोहमार्ग, महामार्ग आणि वस्ती एकमेकांना खेटूनच राहतात. धूर वर निघून जात नाही, कड्यांवर आदळलेला आवाज माघारी येतो.

स्वित्झर्लंडकडे दोन जुनी हत्यारे होती. रात्री आणि रविवारी ट्रक चालवायला बंदी, आणि २८ टनांची वजनमर्यादा. शेजारच्या युरोपीय समुदायात ४० टनांचे ट्रक सर्रास धावत. ब्रसेल्सचा आग्रह होता की स्विसांनी ४० टनी ट्रकांना वाट द्यावी. वाहतूकमंत्री आडोल्फ ओगी यांनी युरोपच्या वाहतूकमंत्र्यांना थेट वासेनच्या त्या चर्चपाशी नेऊन उभे केले. इथे आणखी ट्रक मावतील कुठे, ते तुम्हीच पाहा! १९९२ च्या करारात २८ टनांची मर्यादा टिकली आणि मोबदल्यात स्वित्झर्लंडने आल्प्सखालून नवे, सपाट रेल्वे-बोगदे खोदण्याचे वचन दिले. त्याच सप्टेंबरात सार्वमतात ६३.६ टक्के मतदारांनी त्या खर्चाला होकार दिला.

उरीच्या लोकांना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. बोगदा झाला म्हणून माल आपोआप त्यात शिरेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता (आणि माझ्या मते ते अगदी बरोबर होते). आल्प्सच्या खोऱ्यांतील कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून थेट राज्यघटनेत दुरुस्ती मागितली. एका सीमेवरून दुसऱ्या सीमेकडे जाणारा माल दहा वर्षांच्या आत रेल्वेवर जावा आणि आल्प्समधल्या पारगमन रस्त्यांची क्षमता वाढवू नये. सरकारचा विरोध होता, ओगींचाही. तरीही २० फेब्रुवारी १९९४ रोजी ५१.९ टक्के मतांनी हा प्रस्ताव मंजूर झाला. वासेनच्या चर्चपाशी युरोपला अडवणारा मंत्री घरच्या मतदारांपुढे हरला.

आता अडचण अंमलबजावणीची. फक्त परक्या ट्रकांना अडवावे, तर तो भेदभाव ठरणार आणि युरोप ते मान्य करणार नाही. मग तोडगा निघाला तो असा की ट्रक कुणाचाही असो, स्विस असो वा परदेशी, त्याचे वजन, कापलेले अंतर आणि धुराची श्रेणी यांवरून कर घ्यायचा. १९९८ मध्ये सार्वमताने यालाही मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २००१ पासून वसुली सुरू झाली. उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा केंद्राकडे, त्यातला मोठा भाग रेल्वेकडे. म्हणजे ट्रकच्या पैशातून ट्रकच्या प्रतिस्पर्ध्यासाठी बोगदे. युरोपशी सौदा असा ठरला की वजनमर्यादा २००१ मध्ये ३४ आणि २००५ मध्ये ४० टनांवर न्यायची, पण बासेल ते कियासो या सुमारे ३०० किलोमीटरच्या प्रवासासाठी सरासरी ३२५ फ्रँकपर्यंत कर घेता येईल.

या सगळ्या वाटाघाटींवर त्या काळात मृत्यूची सावली होती. २४ मार्च १९९९ रोजी मों ब्लांच्या बोगद्यात पीठ आणि मार्गारिन नेणारा एक ट्रक पेटला. ३९ माणसे मरण पावली आणि बोगदा तीन वर्षे बंद राहिला. तिथले ट्रक इतर घाटांकडे वळले. २४ ऑक्टोबर २००१ रोजी गॉटहार्डच्या दक्षिण तोंडाजवळ दोन ट्रक एकमेकांवर आदळले. एकात टायर होते. ११ जण दगावले, बहुतेक धुराने गुदमरून. शेजारून समांतर जाणारी सुटकेची वाट होती म्हणून अनेक जण वाचले. दोन महिन्यांनी बोगदा उघडला तो नव्या शिस्तीने: ट्रक आता ठरावीक अंतर राखून, थेंबाथेंबाने आत सोडले जातात. महामार्गावर ट्रकांच्या रांगा लागतात त्या यामुळेही.

फळ काय मिळाले? वर्षाला साडेसहा लाख ट्रक हे कायद्यातले उद्दिष्ट २०१८ पर्यंत गाठायचे होते. त्या वर्षी ट्रक नऊ लाखांहून अधिक होते. म्हणजे नापास. पण शेजारी ऑस्ट्रियाच्या ब्रेनर घाटाकडे पाहा. तिथून वर्षाला सुमारे २४ लाख ट्रक जातात. तिथल्या टिरोल प्रांताने रात्रबंदी आणि ट्रक मोजून सोडण्याचे नियम लावले, तेव्हा २०२४ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाला युरोपीय न्यायालयात खेचले. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स ओलांडणाऱ्या मालाचा सुमारे ७० टक्के भाग रेल्वेवर आहे. असे प्रमाण युरोपात दुर्मिळच.

मात्र याच यशात एक नवे दुखणे दडले होते. इतका माल लोहमार्गावर आला, पण तो लोहमार्ग काही साराच स्वित्झर्लंडचा नव्हता.

१२ ऑगस्ट २०१७ रोजी जर्मनीत राश्टाट गावाजवळ चालू रुळांखालून नवा बोगदा खोदला जात होता. जमीन गोठवून खोदण्याची पद्धत, वर मातीचा थर जेमतेम काही मीटरांचा. रूळ खचले. दिवसाला दोनशेपर्यंत मालगाड्या नेणारा ऱ्हाइन खोऱ्याचा मार्ग ५१ दिवस बंद पडला. पर्याय? स्टुटगार्टकडून जाणारा मार्ग काही भागांत एकेरी. फ्रान्समधून गाड्या वळवाव्यात, तर एका तुकड्याला विजेच्या ताराच नाहीत आणि चालकाला फ्रेंच यायला हवे. ट्रक सीमेवर भाषा विचारत नाही, आगगाडी विचारते. खोदकामाचे यंत्र तिथेच काँक्रीटमध्ये गाडून टाकण्यात आले.

आणि मग २०२३. गॉटहार्डमधील त्या गाडीच्या एका वाघिणीचे चाक फुटले होते. धातूला थकव्याने तडे गेले होते. कुणालाही इजा झाली नाही, पण सुमारे सात किलोमीटर रूळ आणि २० हजार स्लीपर बदलावे लागले. खर्च १५ कोटी फ्रँकच्या घरात. दोन आठवड्यांत एका नळीतून मालगाड्या सुरू झाल्या, प्रवाशांना १८८२ च्या जुन्या डोंगरी मार्गाने हात दिला. बोगदा पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडले.

तपासाचा धागा पोहोचला तो आणखी एका नियमापाशी. जुने बिडाचे ब्रेक-ठोकळे चाक खरबरीत करीत आणि गाडीचा खडखडाट वाढवीत. म्हणून स्वित्झर्लंडने २०२० पासून गोंगाट करणाऱ्या वाघिणींना बंदी केली. त्यांच्या जागी आलेले संमिश्र ठोकळे शांत खरे, पण चाकाला अधिक तापवणारे. हा उष्णतेचा ताण तड्यांशी जोडला गेला. २०२५ मध्ये स्विस अधिकाऱ्यांनी चाकांच्या तपासणीचे कडक नियम जाहीर केले, तेव्हा वाघिणींच्या मालकांनी तक्रार केली की या खर्चाने माल पुन्हा रस्त्यावर जाईल. खोऱ्यातल्या माणसाच्या झोपेसाठी केलेला नियम असा त्याच खोऱ्याच्या मूळ मागणीवर येऊन आदळला.

फ्रायबुर्ग ते नोव्हारा अशी एक गाडी होती. त्यावर अख्खे ट्रक चढवायचे, चालकांनी सोबतच्या डब्यात झोपायचे आणि इटलीत उतरून पुढे निघायचे. २०२५ च्या अखेरीस, नियोजित मुदतीच्या तीन वर्षे आधी, ही सेवा बंद झाली. कारणांत लोहमार्गांवरील सततची कामे आणि रद्द होणाऱ्या फेऱ्या होत्या. उरीने मागितलेला नियम राज्यघटनेच्या ८४ व्या कलमात अजून आहे.