पार्श्वसंगीताची नावड आणि ‘कुंकू’

चित्रपटातील पार्श्वसंगीताविषयी एक तक्रार आपण वारंवार ऐकतो: प्रसंग करुण असला की व्हायोलिने आक्रंदू लागतात आणि संवाद त्यांखाली दबून जातात. ही नावड केवळ कानांची आहे, असे आम्हांस वाटत नाही. काय वाटावे हे संगीतानेच आधी सांगून टाकले, तर प्रेक्षकाने स्वतः करायचे ते काय, हा तिच्यामागचा खरा आक्षेप होय.

या आक्षेपाला मराठी चित्रपटसृष्टीने १९३७ सालीच कृतीने उत्तर दिले होते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये ‘कुंकू’ निर्माण केला. भारतीय बोलपट तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. तरीही शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ स्वाभाविक ध्वनींवर भिस्त ठेवली. केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केलेली गाणी आहेत. पण शांता आपटे यांची नीरा ग्रामोफोनच्या साथीने गाते, तेव्हा ते वाद्यही त्या घरातलेच असते.

जरठविवाहाच्या या कथेत करुण सुरावटींनी नीरेला सहज अबला केले असते आणि वृद्ध काकासाहेबांना निव्वळ खलपुरुष. संगीत गप्प राहिल्याने तिचा नकार ठामपणे उभा राहतो. त्यांचा पश्चात्तापही आपल्याला स्वतः जोखावा लागतो.

पार्श्वसंगीत नकोच, असा आमचा आग्रह नाही. ते कुठे थांबावे, याचा विवेक मात्र ‘कुंकू’पासून शिकण्यासारखा आहे.