यादीत न आलेलं गाणं



१९५२ साली, बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे अमीन सायानी दर बुधवारी एकेक ‘पायदान’ चढवत लोकांना ‘सरताज’ गाण्यापर्यंत न्यायचे. क्रम ठरायचा तो रेकॉर्डांची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवर.

माझी आजी सोलापुरात विड्या वळायची. घरात रेकॉर्ड नव्हती आणि तिला लिहिता येत नव्हतं. तिचं मत मोजणार कोण? तिचं आवडतं गाणं यादीत कधीच आलं नाही. पण विड्या वळताना ती तेच गुणगुणायची, म्हणून ते मला पाठ आहे.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आई-आजीचं असं एक गाणं सांगा. वहीत लिहून ठेवू.