कोंड्यावरची कोंबडी

वेंगुर्ले तालुक्यात, उभादांड्यापासून तुळस-मातोंडपर्यंतच्या वाड्यांत, घरची कोंबडी का कमी झाली असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: ब्रॉयलर आला, केव्हाही आणि स्वस्त मिळू लागला, मग घरी पाळण्याची यातायात कोण करणार? हे उत्तर खोटे नाही, पण ते गोष्टीच्या शेवटापासून सुरुवात करते. घरची कोंबडी कशावर जगत होती, हे त्यात कोणी विचारतच नाही. माझ्या मते तिचे पोट आणि तिचे अंथरूण ही दोन्ही भाताच्या शेतीतून येत होती. कणी, कोंडा आणि तूस घरात होते तोवर कोंबडी घरात होती. हे तिन्ही घरातून गेले ते भाताच्या गिरणीबरोबर, ब्रॉयलरच्या कितीतरी आधी. ब्रॉयलर आला तेव्हा त्याला जागा बरीचशी मोकळी झालेलीच होती. म्हणून या भागातल्या कुक्कुटपालनाचा इतिहास लिहायचा तर तो पक्ष्याच्या जातीपासून न लिहिता धान्यापासून लिहायला हवा.

कोंबडी आणि भात यांचे नाते फार जुने आहे. कोंबडी माणसाळली कशी, यावर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने जगभरच्या उत्खननांतली हाडे पुन्हा तपासली. पाळीव म्हणता येईल अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट येथे, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली सापडतात. जंगली लाल कोंबडा माणसाजवळ आला तो पावसावरच्या भातशेतीमुळे आणि साठवलेल्या धान्यामुळे, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. माणसाने पक्षी पकडून आणण्याआधी पक्षीच सांडलेल्या दाण्यामागे आला. पुढे भारतात या पक्ष्यात सह्याद्रीचाही अंश मिसळला. आजच्या असंख्य कोंबड्यांची कातडी पिवळी असते, तिचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले असे २००८ मध्ये दाखवून दिले गेले. हा रानकोंबडा आंबोलीच्या रानात आजही आरवतो. म्हणजे भाताच्या खळ्यावर दाणे टिपणारी कोंबडी ही कोकणातल्या घराची हौस नव्हती. त्या शेतीइतकाच तिचा वावर स्वाभाविक होता.

हा वावर चालत कसा होता ते नीट पाहू. दक्षिण कोकणात जेवणाला आणि पेजेला उकडा तांदूळ लागतो. भात घरीच उकडायचे, खळ्यात वाळवायचे आणि मग व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळाने कांडायचे. एक क्विंटल भातातून साधारण वीस किलो तूस आणि आठ-दहा किलो कोंडा निघतो, शिवाय कणी वेगळी. कच्च्या तांदळाचा कोंडा काही दिवसांत खवट होतो. उकड्याचा कोंडा मात्र टिकतो, कारण तेल खवट करणारे द्रव्य उकडताना मरते. त्यात तेल आणि प्रथिने असतात, जीवनसत्त्वेही असतात. कणीतून कोंबडीला ताकद मिळायची. किनाऱ्याजवळच्या घरांत सुकट-जवळ्याचा चुरा आणि मासळी साफ करताना निघणारे टाकाऊ भाग तिच्या वाट्याला यायचे, आतल्या गावांत उकिरड्यातले किडे आणि वाळवी. सकाळी खुराडा उघडला की मूठभर कणी टाकायची आणि संध्याकाळी ओल्या कोंड्याचा गोळा ठेवायचा. एवढ्यावर पाच-सात कोंबड्या वर्षभर निघत. खुराड्यात खाली तूस किंवा पेंढा, त्यावर चुलीतली राख. राख ओल शोषते आणि तिच्यात लोळल्याने कोंबडीच्या अंगावरच्या उवा कमी होतात. खुडूक बसलेल्या कोंबडीला जुन्या टोपलीत तूस घालून अंडी द्यायची आणि पिल्ले झाली की रात्री डालग्याखाली झाकायची. या साऱ्या मांडणीत विकत आणलेले असे जवळजवळ काहीच नव्हते.

मांसासाठी म्हणून मुद्दाम वाढवलेली कोंबडीही या मांडणीत नव्हती. तलंग अंड्यांसाठी ठेवायची आणि जास्तीचे नर खाण्यासाठी, हा नियम होता. पाहुणा आला, चाकरमानी गावी आला, बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला रस द्यायचा असला, गावच्या किंवा शेताच्या राखणदार दैवताला राखण द्यायची असली, की नराची पाळी येई. कोंबडी-वडे हा सणाचा बेत राहिला त्यामागचे कारण चवीइतकेच या हिशेबातही आहे. गावठी नर दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो, त्यामुळे वर्षाकाठी घरात कापायला मोजकेच पक्षी निघत. या व्यवहारातला पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असे. अंडी आणि पिल्ले विकून आलेली चिल्लर तिची, कारण कांडण तिचे आणि कोंडाही तिचाच.

कोंड्याला मी इतके महत्त्व देतो याला एक भक्कम पुरावा आहे आणि तो वेंगुर्ल्याच्या जुन्या सागरी वाटेच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. १६३७ च्या सुमारास डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना इथून रसद मिळे आणि डचांच्या व्यापारी कंपनीचे पूर्वेतले मुख्य ठाणे जावा बेटावर बटाव्हियाला होते. त्याच बटाव्हियात अडीचशे वर्षांनी, १८८९ मध्ये, क्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडीक पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले आणि त्या पुन्हा साध्या, कोंड्यासहितच्या तांदळावर आल्या. पुढच्या प्रयोगांत कोंड्यानेच त्या बऱ्या होतात हे सिद्ध झाले. जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा पाया इथे घातला गेला आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. नुसत्या पांढऱ्या तांदळावर कोंबडी तग धरत नाही, कोंड्यावर धरते. वेंगुर्ल्याच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिला जे घालत होत्या, ते नेमके तिला हवे तेच होते.

मग हा कोंडा घरातून गेला कसा? एक वाट समुद्राची. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा हा दक्षिण भाग स्वतःपुरते धान्य पिकवणारा कधीच नव्हता. ब्रह्मदेशातला रंगूनचा तांदूळ पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागला तो गिरणीत सडलेला, कोंडा मागे ठेवून आलेला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, हा तांदूळ थांबला आणि किनाऱ्यावर धान्याची टंचाई पडली, यावरून त्याच्यावरचे अवलंबन किती वाढले होते ते कळते. दुसरी वाट गावातल्या गिरणीची. विसाव्या शतकात खेडोपाडी पसरलेल्या लहान हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतात. तुसातली वाळूसारखी कठीण सिलिका कोंड्यात मिसळली की तो खाद्य म्हणून निकृष्ट होतो, आणि भरडलेले तूस अंथरायलाही नीट राहत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी तो माल गिरणीवाल्याकडेच राहतो. हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरणारा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ गांधीजींनी १९३४ मध्ये काढला आणि १९५८ मध्ये भात गिरण्यांवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदा झाला. कांडणाचा धंदा मोडतो आहे ही जाणीव देशात होती. पण त्यावरची चर्चा तांदळाच्या पोषणाची आणि कांडणाऱ्या हातांच्या रोजगाराची होती. खुराड्यातल्या कोंबडीचा घास त्याबरोबर जातो आहे, हा विचार त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आला नाही.

ब्रॉयलर या साऱ्यानंतरचा. मांसासाठीच कोंबडी वाढवायची ही कल्पना जगातही फार जुनी नाही. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या किनाऱ्यावर सिसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली आणि चुकून ५०० आली. तिने ती वाढवून मांसासाठी विकली, नफा झाला, आणि तीन वर्षांत तिने दहा हजार पक्ष्यांची शेड उभी केली. भारतात हा धंदा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या कंपन्यांनी रुजवला. पुढे करार पद्धत आली. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, मजुरी आणि अंथरायचे तूस शेतकऱ्याचे. खाद्य मका आणि सोयाबीन पेंडीचे. ही दोन्ही पिके मुख्यतः घाटावरची, म्हणून सिंधुदुर्गातल्या शेडमधली कोंबडी घाट उतरून आलेल्या धान्यावर सहा आठवड्यांत दोन किलोंची होते. या सगळ्यात कोकणाच्या भाताचे उरले आहे ते फक्त पायाखालचे तूस, आणि तेही आता विकत घ्यावे लागते.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेता येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की कांडण म्हणजे बायकांच्या पाठीचा कणा मोडणारे काम होते, ते गेले म्हणून हळहळायचे कशाला? हे मला पूर्ण मान्य आहे. मुसळ परत यावे असे मी म्हणत नाही. गिरणीने कष्ट वाचवले आणि त्याच वेळी एक उत्पन्नही काढून नेले, यातल्या फक्त पहिल्या गोष्टीची नोंद होते, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की गरिबाच्या ताटात मांस आले ते ब्रॉयलरमुळे. तेही खरे आहे. जुनी घरची कोंबडी कोणाला रोज परवडणारी नव्हती, आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, साथ आली की अख्ख्या वाडीतल्या खुराड्यांत एक पक्षी उरत नसे. पण पोट भरण्याचे श्रेय ब्रॉयलरला दिले म्हणून घरची कोंबडी त्याने हटवली हे सिद्ध होत नाही. दोघांचे काम वेगळे होते. तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी निघाली, २०१२ पेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. त्याच काळात व्यापारी पक्षी जेमतेम साडेचार टक्के वाढले. मग घरची कोंबडी गेली कुठे? या आकड्यांचा मला आनंदच आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या बाजूने बोलतात असेही मला वाटते. ब्रॉयलरचे राज्य असतानाही परसातले पक्षी वाढू शकतात, म्हणजे अडथळा ब्रॉयलरचा नव्हता. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराजा अशा सुधारित पिल्लांनी ही वाढ साधायला हातभार लावला आहे. त्यांना मात्र पहिल्या दीड-दोन महिन्यांत चांगले खाद्य लागते. ते पोत्यातून विकत आणले तर गावठी कोंबडीचा जुना हिशेब बसत नाही. घोडे पुन्हा खाद्यापाशीच अडते.

म्हणूनच वेंगुर्ल्यात आज दहा-वीस पक्षी मांसासाठी पाळायचे असतील तर विचाराची सुरुवात पिल्लांच्या जातीपासून करू नये. पिल्लांना पहिले चार-सहा आठवडे तयार खाद्य द्यावे, त्यात काटकसर नको. पुढे मात्र कणी, गिरणीवरून निवडून आणलेला तूसविरहित कोंडा, नाचणी आणि वाळलेल्या मासळीचा चुरा यांवर त्यांना आणता येते. कापण्याआधी दोन आठवडे मासळी बंद करावी, नाहीतर मांसाला तिचा वास राहतो. पावसाळ्यात दमट झालेली शेंगदाणा पेंड किंवा मका चुकूनही घालू नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखांहून अधिक टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने, आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर तीच बुरशी सहज धरते. अंथरायला अख्खे तूस उत्तम. ते पाणी फार शोषत नाही, पण लवकर कुजत नाही आणि भुसभुशीत राहते. त्याचा दोन-तीन इंचांचा थर रोज खालीवर करावा, ओला झालेला भाग काढावा आणि थोडा चुना टाकावा, नाहीतर अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवण लागते. वेंगुर्ल्याच्या काथ्या उद्योगातून निघणारा सोडणाचा भुसा आपल्या वजनाच्या पाच-सहा पट पाणी धरतो. तो पूर्ण वाळवून तुसात मिसळला तर पावसाळ्यात उपयोगी पडेल. काजूची टरफले मात्र अंथरू नयेत, त्यांतले तेल कातडी भाजणारे असते. वापरलेले हे अंथरूण कुजवले की आंबा-काजूच्या कलमांना खत मिळते. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दोन महिन्यांच्या आत द्यायलाच हवी. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. रोगापासून कोणतीही कोंबडी आपोआप सुरक्षित नसते.

पशुसंवर्धनाच्या योजना गावोगाव पिल्ले वाटतात, हे चांगलेच आहे. पण पिल्लांच्या पाठोपाठ खाद्याची सोय झाली नाही तर त्यांतली बरीच पिल्ले महिन्या-दोन महिन्यांत संपतात किंवा घरखर्चावर ओझे होतात. तूस आणि कोंडा वेगळे काढणारी लहान गिरणी सहकारी पद्धतीने प्रत्येक मोठ्या गावात चालावी, आणि भात आणणाऱ्या घराला आपला कोंडा, कणी व तूस परत मिळावे. पिल्लांवर खर्च होणाऱ्या पैशातला काही भाग याकडे वळवावा, अशी माझी ग्रामपंचायतींना आणि बचत गटांना विनंती आहे. वेंगुर्ल्याच्या घरातली कोंबडी भाताने आणली आणि भाताच्या वाटेनेच ती टिकेल.